सीमाभागाचे अस्सलपण



निपाणीतल्या माझ्या दवाखान्यात गेली पस्तीस वर्षे दुखणी दोन भाषांतून येतात. पेशंटची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असा होमिओपॅथीचा दंडक आहे. हानेमान यांनी 'ऑर्गेनन' ग्रंथात तसे सांगून ठेवले आहे. त्यामुळे माझ्या केसपेपरांवर औषधांबरोबर भाषाही साठत गेली. चिकोडीकडच्या एक बाई येतात आणि म्हणतात, "भाळ त्रास आगैत्री, डॉक्टर." मी ते तसेच लिहून घेतो. वाक्य कानडी, पण ज्या 'त्रासा'साठी त्या आल्या तो शब्द आपल्या मराठीच्या वापरातला. घरच्यांना वाटणाऱ्या चिंतेलाही त्या 'काळजी'च म्हणतात. त्यांच्यामागे बसलेले गृहस्थ घरीदारी मराठी बोलणारे. ते विचारतात, "अण्णाला तूप चालंल काय ओ?" या वाक्यातले 'अण्णा' आणि 'तूप' हे दोन्ही शब्द मराठीत कानडीकडून आले, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. अडकित्ता आणि खलबत्ता यांचीही तीच कथा.

हे सांगण्याचे कारण असे, की पुण्याकडचे पाहुणे मला हमखास एक प्रश्न विचारतात : "तुमचं निपाणी-बेळगाव खरं तर मराठीच, नाही का?" बंगळूरचे नातेवाईक तोच प्रश्न उलटा करून विचारतात. दोघांनाही होकार हवा असतो. दोघांनाही मी चहा देतो आणि विषय टाळतो. वयाची साठी उलटल्यावर आता टाळाटाळ पुरे, असे वाटून हा लेख लिहितो आहे. एखादा मुलूख 'अस्सल' अमुक भाषेचा, हे ठरवायचे कशावरून?

पहिली कसोटी दगडाची. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. आम्हा जैनांचे ते नेमिनाथांचे स्थान. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ साली बांधली. बेळगावला तेव्हा वेणुग्राम म्हणत आणि तेथील त्या काळचे दानलेख कानडीत आहेत. म्हणजे दगडाचा कौल कानडीकडे गेला म्हणावे, तर श्रवणबेळगोळला जावे. कानडी मुलखाच्या पोटात, गोमटेश्वराच्या पायाशी, ही मूर्ती चावुंडरायाने करविली हे कानडी आणि तमिळबरोबर मराठीतही कोरलेले आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. देवगिरीच्या यादवांना आपण मराठीचे आश्रयदाते म्हणतो. त्यांचे शिलालेख मराठीत आहेत तसे कानडीतही पुष्कळ आहेत. पंढरीच्या विठ्ठलाला तर आपल्या संतांनीच 'कानडा' म्हटले. त्या काळी राजाला एकाच भाषेचा असावे लागत नसे.

दुसरी कसोटी घराची. माझी आजी शिरोळ तालुक्यातली, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातली. ती घरात कानडी बोलायची. माझी आई निपाणीजवळच्या खेड्यातली, म्हणजे आजच्या कर्नाटकातली. ती मराठी बोलायची. नकाशाच्या हिशेबाने दोघींचीही भाषा चुकीची! सासू-सुना आयुष्यभर एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलल्या आणि भांडल्याही. भांडण दोघींना पुरते समजायचे. मंदिराला आम्ही 'बस्ती' म्हणतो, तोही शब्द कानडी 'बसदि'वरून आलेला आणि ती बसदि संस्कृत 'वसति'वरून आलेली.

आमच्या समाजातली मोठी माणसे पाहिली तरी हेच दिसते. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरच्या भोज गावचे सातगोंडा पाटील पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. नावातला 'गोंडा' कानडी वळणाचा. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली तेव्हा त्यांनी अखेरचा उपदेश मराठीत केला. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात वर्षानुवर्षे प्राकृत शिकवले, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर १८९९ साली जैन सभा स्थापन झाली. तिचे पहिले नाव 'दक्षिण महाराष्ट्र जैन सभा'. पुढे ते 'दक्षिण भारत जैन सभा' असे झाले. नावाची पाटी बदलली, तरी स्तवनिधीला येणारे यात्रेकरू आजही दोन्ही भाषा बोलणारेच आहेत.

मग परका माणूस अस्सलपण शोधतो ते कुठे? बहुधा आपल्या मनातल्या चित्रात. पु. ल. देशपांडे यांच्या 'रावसाहेबां'नी बेळगावी मराठी घरोघरी लाडकी केली, हे त्यांचे ऋणच आहे. पण त्यानंतर पाहुणा आला की आम्ही तसेच बोलावे, असे त्याला वाटू लागले. साधी मराठी बोललो तर त्याचा विरस होतो.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलांची झुंज आणि फ्लॅमेंको नाच येतो. नाच मुळात दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताचा. ते चित्र जगभर नेणारी 'कार्मेन' ही कथा १८४५ साली लिहिली प्रॉस्पेर मेरिमे या फ्रेंच लेखकाने, आणि १८७५ साली तिचा ऑपेरा केला बिझे या फ्रेंच संगीतकाराने. म्हणजे 'अस्सल स्पेन' बरेचसे शेजाऱ्याने रंगवलेले! खुद्द स्पेनमध्ये कॅटलान, बास्क, गॅलिशियन अशा वेगळ्या भाषा बोलणारे प्रांत आहेत, आणि १९७८ च्या राज्यघटनेने त्या भाषांना आपापल्या प्रांतात राजभाषेचे स्थान दिले. स्पॅनिश माणूस स्वयंपाकाच्या तेलाला 'असेइते' म्हणतो, तो शब्द अरबी. आपले तूप कानडी, त्यांचे तेल अरबी. म्हणून त्यांचे घर काही अरबांचे ठरत नाही.

येथवर वाचून काही वाचक नाराज होतील. "डॉक्टर, हे सगळं गोड आहे, पण मग सीमाप्रश्नाचं काय?" असे ते विचारतील, आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. तिसरी कसोटी कागदाची, आणि ती गोड नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे आला. चंदगडच्या अनेक गावांना बाजारहाटाला बेळगावच जवळ. पण रणजित देसाईंचे कोवाड महाराष्ट्रात, आणि इंदिरा संतांचे बेळगाव कर्नाटकात. निपाणीच्या पोरांचे देवचंद कॉलेज गावाला लागून असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात. सकाळी कॉलेजला महाराष्ट्रात जायचे आणि दुपारी जेवायला कर्नाटकात यायचे! दैवाचा खेळ असा, की १९४६ साली संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला, ते ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन बेळगावलाच भरले होते.

मी दहा-बारा वर्षांचा असताना वडिलांनी एका कचेरीतून आमच्या शेताचा उतारा आणला. तो कानडीत होता. वडील सातवी पास, रोज मराठी वर्तमानपत्र वाचणारे. स्वतःच्या शेताचा कागद त्यांना वाचता येईना. शेजारचे लिंगायत मास्तर आले आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवत वाचून दाखवले. वडील मान हलवत राहिले. मास्तर गेल्यावर म्हणाले, "उद्या यात दुसऱ्याचं नाव असलं तरी मला कळायचं नाही." तो अपमान मी विसरलेलो नाही, आणि आजही अर्ज, पाटी, नोटीस यांत ज्यांना तो सोसावा लागतो त्यांची मागणी मी न्याय्यच मानतो.

पण वडिलांचे ते वाक्य एका शतकापूर्वी कानडी तोंडातूनही निघाले असणार. पेशवाई गेली तरी तिची कारभाराची मराठी मागे राहिली होती. धारवाड-बेळगाव भागात कानडी घरांतली मुले मराठी शाळांत बसत. त्यांच्यासाठी कानडी शाळा उघडाव्यात म्हणून डेप्युटी चन्नबसप्पा झटले. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तोही याच दुःखातून. आपल्यावर जे १९५६ नंतर आले ते त्यांच्यावर आधी आले होते. हे मान्य केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. ज्याला आपले दुखणे दुसऱ्यातही ओळखता येते, त्याच्या तक्रारीवर विश्वास बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवले आहेत. 'पूर्वी इथे कोण होते?' हा इतिहासाचा प्रश्न. त्याचे प्रामाणिक उत्तर 'दोघेही' असे आहे. 'आज इथे राहणाऱ्याला आपल्या भाषेत शिकता, वाचता, दाद मागता येते का?' हा हक्काचा प्रश्न. त्याचे उत्तर शिलालेखात नाही. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने बेळगाव कर्नाटकात ठेवले, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला, तर अक्कलकोट आणि जतकडची गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काहीही लागो, रेषेच्या दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारी माणसे उरणारच. कमल बस्तीचा लेख कानडी निघाला म्हणून माझ्या वडिलांचा मराठी उताऱ्यावरचा हक्क बुडत नाही, आणि तो हक्क मिळवण्यासाठी बस्तीचा लेख खोटा ठरवावा लागत नाही.

१९८१ साली निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले. मी तेव्हा कॉलेजात होतो. भाव मागणाऱ्या त्या गर्दीत मराठी बोलणारे होते आणि कानडी बोलणारेही. आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या दिवसांत कोणी कोणाची मातृभाषा विचारल्याचे मला आठवत नाही.

आज माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. आजीची कानडी त्याला येत नाही, आणि आईची मराठी तो अडखळत वाचतो. परवा त्याने विचारले, "आजोबा, पोटात दुखतंय हे कानडीत कसं सांगायचं?" मी सांगितले, "होट्टी नोयतैती." तो हसला आणि विसरला. आपल्या मुलखाचे अस्सलपण दोन भाषा कानात घेऊन मोठे होण्यात होते, आणि ते कोणत्याही सरकारने ओढून नेण्याआधी आपल्याच घरातून निघून चालले आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुने मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका, वाचणाऱ्यांपर्यंत पोचवा. आजी, आत्या, शेजारच्या अक्का यांच्या तोंडचे शब्द त्यांच्याच उच्चारात वहीत उतरवा; कुठला मराठी, कुठला कानडी हे नंतर पाहू. आणि सीमेवरच्या मराठीच्या हक्कासाठी सही करताना, शिरोळ-जतकडच्या कानडी शाळेत पुरेसे शिक्षक आहेत का, हेही एकदा विचारा. आमच्या मास्तरांनी वडिलांना उतारा वाचून दाखवला होता. ते ऋण अजून फिटायचे आहे.