न दुखणाऱ्या जखमेचा इतिहास

गेल्या भागात आपण १९२१ सालच्या इन्सुलिनच्या शोधाबद्दल बोललो. इन्सुलिनमुळे मधुमेही माणसं जास्त वर्षं जगू लागली आणि मग त्यांच्या पायांचा प्रश्न पुढे आला. तळपायाला जखम व्हायची, ती चिघळायची आणि शेवटी पाय कापावा लागायचा. यावरचा एक मोठा उपाय आला तो मात्र दक्षिण भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या वॉर्डातून.

कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, बोटं झडतात, असा तेव्हा समज होता. कोल्ली टेकड्यांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. ते रुग्णांचे हातपाय दिवसभर काय करतात हेच बघत बसले. एका मुलाने गंजलेल्या कुलपातली किल्ली जोर लावून फिरवली. बोट हाडापर्यंत कापलं, पण त्याला पत्ताच नाही! रात्री उंदीर बोटं कुरतडायचे, तरी झोप मोडायची नाही. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर द्यायची पद्धत पडली. म्हणजे दोष मांसात नव्हता. वेदनाच नसल्यामुळे माणूस जखमेवर भार टाकून चालत राहायचा.

मग जखम भरायची कशी? पायाला नीट बसणारं प्लास्टर घालायचं. भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, जखमेला विश्रांती मिळते, आणि माणूस हिंडू-फिरू शकतो. श्रेय सहसा ब्रँड यांना दिलं जातं, पण १९३०च्या दशकात भारतात डॉ. जोसेफ खान हे करत होते. त्यांचं नाव आपल्याकडेच फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींच्या बधिर पायांवरच्या जखमा त्यांना ओळखीच्या वाटल्या. १९८९ साली ४० मधुमेही रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. प्लास्टर घातलेल्या २१ पैकी १९ जणांची जखम भरली. नेहमीच्या ड्रेसिंगवर असलेल्या १९ पैकी फक्त ६ जणांची.

अर्थात हे प्लास्टर सरसकट सगळ्यांसाठी नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा आत पू असेल, तर आधी त्यावर इलाज करावा लागतो. आणि जखम भरल्यावरही पाय बधिरच राहतो. म्हणून वेल्लोरच्या परिसरात मऊ रबराच्या तळव्याच्या चपला तयार झाल्या. त्याच ‘एमसीआर’ चपला आज मधुमेहींनाही घालायला सांगतात.