‘येकांग्र बोलणीं’ : एका ख्रिस्ती ग्रंथनामाचा विचार

गोमांतकांत इ. स. १६६० मध्यें जुआंव द पेद्रोज या जेझुइट पाद्र्याचा ‘देवाचीं येकांग्र बोलणीं’ हा कोंकणी ग्रंथ रोमी लिपींत छापून निघाला. बेर्नार्दिनो द व्हिल्येगास या स्पॅनिश जेझुइटाच्या ‘सोलिलोकियोस दिव्हिनोस’ या ग्रंथाचें तें भाषांतर होय. जुन्या मुद्रितांच्या याद्यांत या नांवाची नोंद होते व वाचक पुढें जातो. परंतु नांवांतील ‘येकांग्र’ हें विशेषण थांबून पाहण्याजोगें आहे. प्रार्थनेपूर्वीं अंतःकरण कसें सिद्ध करावें, या ख्रिस्ती धर्मांतील पुरातन प्रश्नाला आपल्याकडील भाषेंत कोणता शब्द मिळाला, याचा लहानसा पुरावा त्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मूळ शब्द पाहूं. लॅटिन ‘सोलिलोक्विया’ हा शब्द संत ऑगस्टिन यानें इ. स. ३८६-८७ च्या सुमारास आपल्या ग्रंथाकरितां घडविला व तो नवा असल्याचें तेथेंच नमूद केलें. त्याचा अर्थ इतकाच कीं, एकट्यानें बोलणें. त्या ग्रंथांत ऑगस्टिन व त्याची स्वतःची विवेकबुद्धि यांचा संवाद आहे. तिसरें माणूस नाहीं. म्हणजे मूळ शब्दांत भर आहे तो एकटेपणावर.

आतां प्रार्थनेच्या पूर्वतयारीची परंपरा. मत्तयाच्या शुभवर्तमानांत दोन आज्ञा आहेत. वेदीपाशीं अर्पण घेऊन आल्यावर भावाचें आपणांविषयीं कांहीं गाऱ्हाणें आहे असें आठवल्यास अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं समेट करावा, मग अर्पण करावें, ही पहिली. आणि प्रार्थना खोलींत दार लावून करावी, ही दुसरी. तिसऱ्या शतकांत कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृत्यु इ. स. २५८) यानें प्रभूच्या प्रार्थनेवर प्रबंध लिहिला. प्रार्थनेच्या आरंभीं धर्मगुरु लोकांस हृदय वर उचलण्यास सांगतो व तें प्रभूकडे लाविलें आहे असें लोक उत्तर देतात, ही चाल त्यांत सांगितली आहे. आणि प्रार्थनेच्या वेळीं इतर सर्व ऐहिक विचार दूर व्हावे, हें तिचें कारणही दिलें आहे. समेट, एकांत व चित्ताची स्थिरता अशीं तयारीचीं तीन अंगें यांतून स्पष्ट होतात.

यांपैकीं तिसऱ्या अंगाची शिस्त जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस यानें बांधून दिली. त्याचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ इ. स. १५४८ मध्यें रोम येथें पोपच्या मान्यतेनें छापला. त्यांतील सूचना अगदीं व्यावहारिक आहेत. निजण्यापूर्वीं दुसऱ्या दिवशींच्या चिंतनाचा विषय मनांत आणावा. चिंतनाच्या जागेपासून एक दोन पावलें अलीकडे, एक प्रभूची प्रार्थना म्हणण्यास लागेल इतका वेळ उभें राहावें, देव आपणांस पाहत आहे हें ध्यानांत घ्यावें व नम्रतेचें कांहीं कृत्य करावें. या साधना जेझुइटांच्या शिक्षणाचाच भाग असत. अर्थात् पेद्रोज याही शिस्तींत वाढलेला होता.

हें लक्षांत घेतलें म्हणजे ‘येकांग्र’ शब्दाचें महत्त्व कळतें. केवळ एकटेपण दाखवावयाचें असतें तर ‘एकांत’ हा शब्द मराठींत व कोंकणींतही रूढ होता. ‘येकांग्र’ हें मात्र संस्कृत ‘एकाग्र’ याचेंच सानुनासिक रूप दिसतें. त्यावर ‘एकांत’ शब्दाची छाया पडली असणें अशक्य नाहीं. तथापि ‘ग्र’ हें जोडाक्षर स्पष्ट असल्यानें मूळ ‘एकाग्र’ हेंच मानणें युक्त होय. म्हणजे भाषांतरांत भर एकटेपणावरून एकाग्रतेवर आला. कोणी जवळ नसणें ही बाहेरची गोष्ट; चित्त एका ठिकाणीं लागणें ही आंतली. योगशास्त्रांत व संतवाङ्मयांत मुरलेला हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेकरितां निवडतांना पाद्र्यानें श्रोत्यांच्या पूर्वसंस्काराचा उपयोग केला, असें आमचें अनुमान आहे.

अशा निवडीस पूर्वाधार होता. फादर स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें वारला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें छापलें. त्याच्या आरंभीं साष्टी प्रांतांतील एक ब्राह्मण, जुन्या पुराणांच्या जागीं आम्हांस आमच्या भाषेंत पुराण द्यावें, अशी विनंती पाद्र्यास करतो. ग्रंथाची सुमारें अकरा हजार ओवी हें तिचेंच उत्तर होय.

एका शब्दावर उभारलेल्या अनुमानाची मर्यादा आम्ही जाणून आहों. तें पडताळण्यास साधनें हवींत आणि अडचण तेथेंच आहे. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. त्यामुळें या वाङ्मयाचा राजाश्रय सरला. ख्रिस्तपुराणाची एकही आद्य मुद्रित प्रत उपलब्ध नाहीं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली. मार्सडेनच्या संग्रहांतून लंडनला गेलेल्या देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें लक्ष वेधलें. तींत जागोजागीं पोर्तुगीज शब्दांच्या ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. हें मूळ रूप कीं मागाहूनचा संस्कार, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं.

तात्पर्य, हा प्रश्न शब्दाशब्दानेंच सुटणारा आहे. म्हणून संग्राहकांस एक विनंती आहे. गोवा, कोंकण व कानडा प्रांतांतील जुन्या घरांत रोमी लिपींतील प्रार्थनेचीं सुटीं पानें आढळल्यास तीं धर्माचें किरकोळ लिखाण समजून बाजूस टाकूं नयेत. प्रत्येक प्रार्थनेच्या आधीं जी दोन ओळींची सूचना असते ती जशीच्या तशी उतरून घ्यावी. मन आवरण्यास तेथें कोणता शब्द योजिला आहे, एवढ्यावरून आमचें अनुमान टिकतें कीं कोसळतें, हें ठरेल. आणि तें कोसळलें तरी शब्द हातीं आल्याचा लाभ राहीलच.