न लागणारा मार

हास्यरसाची चर्चा करताना आमच्या पंडितांनी शब्दांच्या विनोदाला पाटावर बसवले आणि मारामारीच्या विनोदाला अंगणात उभे केले. कोटी, उपरोध, विडंबन यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. पण कोणी घसरून पडले, कोणाच्या टाळक्यावर मडके फुटले आणि त्यावर माणसे पोट धरधरून हसली, तर त्या हसण्याला ‘पोरकट’ म्हणून निकालात काढण्याची रीत पडली. प्रेक्षकांनी मात्र पंडितांचा हा निकाल कधीच मानलेला नाही.

मला या प्रश्नाचा विचार करावासा वाटला तो चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांमुळे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या मुलखाला झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. भंडारा आणि गोंदिया हेही तिचेच भाग. भाऊबीजेपासून इथे गावोगाव मंडया भरू लागतात, आणि धान घरात येता येता दंडार, खडी गंमत व नाटके यांच्या रात्री सुरू होतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तर नाटक मंडळ्यांचे ठाणेच. प्रयोग रात्री सुरू होतो आणि तांबडे फुटेपर्यंत चालतो. अंगावर घोंगडी घेऊन बसलेला शेतकरी गंभीर प्रवेशाला डोळे पुसतो आणि विनोदी नटाच्या पाठीत धपाटा बसला की मांडी ठोकून हसतो. ज्या मुलखात गरिबाच्या पाठीवर खरा मार काही कमी पडलेला नाही, तिथे लटक्या माराला एवढे हसू का यावे?

इंग्रजीत या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात, आणि त्या शब्दातच त्याचे मर्म आहे. सोळाव्या शतकापासून इटलीत ‘कोमेदिया देल्लार्ते’ नावाच्या फिरत्या मंडळ्या खेळ करीत. त्यांतला आर्लेकिनो हा खट्याळ नोकर हातात एक काठी बाळगी. ही काठी म्हणजे एका टोकाला जोडलेल्या दोन पातळ लाकडी पट्ट्या. फटका मारला की पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई. मार प्रेक्षकांच्या कानाला बसे, नटाच्या पाठीला बसत नसे. नाद मोठा आणि जखम नाही, हा या विनोदाचा पहिला कायदा.

दुसरा कायदा समजावा म्हणून आपण थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. १० फेब्रुवारी १९४० रोजी मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा एक छोटा व्यंगपट प्रदर्शित झाला. नाव ‘पुस गेट्स द बूट’. तो रचला विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघा तरुणांनी. मांजराचे नाव तेव्हा जॅस्पर होते. कथा एवढीच, की मांजर उंदराला छळते आणि त्या धांदलीत घरातली एक वस्तू फुटते. घर सांभाळणारी बाई मांजराला दम देते, ‘आणखी एक वस्तू फोडलीस, तर घराबाहेर!’ उंदीर हे ऐकतो. तो चढतो उंच जागी, काचेचा पेला काठावर धरतो आणि मांजराकडे पाहतो. त्या क्षणी सारा डाव उलटतो. काल शिकार करणारा आज पेले झेलत धावू लागतो. अखेर भांडी फुटतात, मांजर हाकलले जाते आणि उंदीर आपल्या बिळाच्या दाराशी ‘गोड घर’ अशा अर्थाची पाटी लावतो.

यात उंदीर मांजराहून बलवान होत नाही. त्याचे दात तेवढेच राहतात. तो फक्त एवढे ओळखतो, की मांजरालाही कोणाचे तरी भय आहे. जो सर्वांना भिववतो, तो कोणाला भितो, हे शोधून काढणे हीच दुर्बळाची विद्या. दुसरा कायदा तो हा, की काठी खालून वर चालली पाहिजे.

पुढच्या वर्षी, १९४१ साली, या जोडीला टॉम आणि जेरी ही नावे मिळाली. हॅना-बार्बेरांनी १९५८ पर्यंत त्यांचे ११४ लघुपट केले आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९४४ च्या ‘माउस ट्रबल’मध्ये टॉम उंदीर पकडण्याचे पुस्तक आणून त्यातला एकेक उपाय करून पाहतो आणि प्रत्येक उपायानिशी स्वतःच अधिक ठेचला जातो. पोथी वाचून संसार करू पाहणाऱ्यांची याहून नेमकी थट्टा मी तरी पाहिलेली नाही.

या पोरखेळामागचा हिशेब मात्र सोनाराच्या काट्याचा होता. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या खेळात सुमारे दहा हजार. प्रसंगांची कल्पना मुख्यतः बार्बेरांची, आणि कोणती हालचाल किती चौकटींत बसवायची हे गणित हॅना यांचे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीही हॅना यांच्याच गळ्यातली. संगीतकार स्कॉट ब्रॅडली पावलापावलाला सूर बांधत. धडक एका निमिषाने उशिरा झाली तर हसू येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

वाचकांना कदाचित वाटेल, की ही सारी परदेशी करामत. परंतु निर्जीव वस्तूला पडद्यावर नाचवण्याची हौस आपल्याकडेही जुनीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्यांना जिवंत केले होते, आणि पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला होता. मांजर-उंदराची गोष्ट तर त्याहून किती तरी जुनी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमधील चित्रकारांनी दगडांच्या कपच्यांवर उंदराची सेवा करणारी मांजरे चितारून ठेवली आहेत. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पात एक मांजर तपस्व्याचे सोंग घेऊन उभे आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर जमले आहेत.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश मांजर यांची कथा सांगतात. मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडते. उंदरावर एकीकडून मुंगूस आणि दुसरीकडून घुबड टपलेले. उंदीर मांजराच्याच कुशीत आसरा घेतो आणि मोबदल्यात जाळे कुरतडायचे कबूल करतो. पण कुरतडतो अगदी सावकाश! शेवटचा धागा तो पारधी समोर दिसल्यावरच तोडतो, म्हणजे सुटलेल्या मांजराला झाडावर पळण्यावाचून दुसरे काही सुचू नये. संकट टळल्यावर मांजर मैत्रीच्या गोड गोष्टी करू लागते, तेव्हा उंदीर बिळातूनच नमस्कार करतो. बलवानाच्या भयाचा नेमका हिशेब मांडणारा हा पलित जेरीचा पूर्वज नव्हे काय?

आता पुन्हा झाडीत येऊ. खडी गंमत हे नावच मुळी उभ्याने सादर करण्यावरून पडले. ती तमाशाच्या कुळातली. शाहीर आणि साथीदार उभे राहून रंगवतात, आणि स्त्रीवेशातला पुरुष नाचतो. मी पाहिलेल्या अशा एका प्रयोगात सावकार आपल्या गड्याला मारायला काठी उगारत होता आणि प्रत्येक वेळी गडी खाली वाकत होता. फटका भलत्याचाच पाठीवर पडे, आणि त्याच क्षणी ढोलकीवर थाप पडे. अखेर गड्याने फार आदबीने सावकाराला त्याच्या पागोट्यावर माशी बसल्याचे सांगितले आणि परवानगी घेऊन ती मारली. मंडप हास्याने हादरला. ब्रॅडलीचा वाद्यवृंद जे काम करतो ते इथे एकटी ढोलकी करीत होती, आणि काठी खालून वर चालली होती.

हे हसू कोणाचे, हे जाणायचे तर या मुलखाचा इतिहास आठवावा लागतो. हा सारा मुलूख पूर्वी चांदा जिल्हा होता. गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. गोंड राजांनंतर भोसले आले, भोसल्यांनंतर १८५४ साली इंग्रज आले. १८५८ साली बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. मालगुजार आणि जमीनदार १९५० च्या कायद्यापर्यंत टिकले. १९८० नंतर नक्षलवाद्यांच्या आणि पोलिसांच्या बंदुकांमध्ये गडचिरोलीची कित्येक गावे सापडली. आणि ताडोबाच्या भोवतालच्या गावांत आजही मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेले माणूस संध्याकाळी परत येईलच, असे नसते. इथले मांजर पट्ट्यापट्ट्यांचे आहे, आणि त्याचा पंजा लटका नाही.

अशा ठिकाणी माणूस लटक्या माराला हसतो तो खरा मार विसरतो म्हणून, असे म्हणणारे आहेत. माझे मत उलट आहे. खरा मार ज्याला ठाऊक आहे, त्यालाच लटक्या माराची किंमत कळते. ज्या जगात पडलेला उठत नाही, त्या जगातून येऊन तो अशा जगात बसतो, जिथे चिरडलेला टॉम पुढच्या क्षणी अंग झटकून उठतो आणि मार खाल्लेला सावकार पुढच्या गावच्या मंडईत पुन्हा पागोटे घालून उभा राहतो. कोणी मरत नाही आणि मोठ्याची मात्र फजिती होते. एका रात्रीपुरता हा न्याय मिळाला, तरी तो काही थोडा नव्हे.

गडचिरोलीच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट आहे. एकाच जिल्ह्यात मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू आणि पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली, एवढ्या भाषा नांदतात. शाब्दिक कोटी भाषेची वेस ओलांडताना मरते. घसरणारा पाय कोणतीही वेस ओलांडतो. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली आणि टॉम-जेरी घरोघर पोहोचले, तेव्हा त्यांना दुभाष्याची गरज पडली नाही. ती दोघे जवळजवळ बोलतच नाहीत.

तथापि या विनोदाचे सारेच गोड मानून चालणार नाही. कायदा मोडला की हसू नासते. ज्या बाईच्या धाकाने पहिला चित्रपट उभा राहिला, ती कृष्णवर्णीय मोलकरीण होती; तिचा चेहरा क्वचितच दिसे, आणि तिचे बोलणे-चालणे गोऱ्यांच्या ठरीव थट्टेतून घेतलेले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने अशा चित्रणावर आक्षेप घेतला आणि १९५२ नंतर ते पात्र दिसेनासे झाले. १९६१-६२ मध्ये प्रागला जीन डाइच यांनी १३ नवे लघुपट केले. त्यांतल्या काहींत टॉमचा एक तापट मालक त्याला असा बडवतो, की मांजराची कीव येते. पहिल्यात काठी आधीच दबलेल्यांवर पडली. दुसऱ्यात ती खरीच लागली. दोन्हीकडे हसू मेले.

झाडीपट्टीच्या रंगभूमीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. तोतरे बोलणारा, लंगडा, जंगलातून आलेला भोळा आदिवासी, यांना नुसते उभे करून टाळी घेणारे प्रवेश मी पाहिले आहेत. तिथे काठी वरून खाली येते. असले हसू लवकर विझते. आणि ज्याच्यावर ते हसले गेले, तोही पुष्कळदा त्याच मंडपात बसलेला असतो. याउलट, उत्तम विनोदी नट मार स्वतःकडे ओढून घेतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले, आठशे भूमिका वठवल्या, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विनोदी नट म्हणून गाजलेल्या माणसाला देशाने असा मान द्यावा, ही या अंगणात उभ्या ठेवलेल्या विनोदाला मिळालेली पाटावरची जागाच म्हणायची.

मारामारीचा विनोद पोरकट आहे, हे मला मान्य आहे. पण पोरांना एक गोष्ट मोठ्यांआधी कळते. घरात बलवान कोण, आणि तो कोणाला भितो, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. ईजिप्तच्या चित्रकाराला ते ठाऊक होते, शांतिपर्वातल्या पलिताला होते, जेरीला होते आणि पागोट्यावरची माशी मारणाऱ्या गड्यालाही होते. जोवर जगात खऱ्या काठ्या चालत आहेत, तोवर या लटक्या काठीची गरज सरणार नाही. ती कोणत्या दिशेने चालते आहे, एवढ्यावर मात्र आपण लक्ष ठेवावे.