किहीमकरांचे हस्तलिखित

रे रोडपासून जवळच, माझगावात, सर एली कदुरी हायस्कूल आहे. मूळची ती बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, शाळा. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली काढलेली. किहीमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर... कोकणातली गावे या समाजाने आडनावांत जपली.

किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला १८९७ साली. त्याच वर्षी थिओडोर हर्झलने बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली : ज्यूंनी पॅलेस्टाईनमध्ये परतून आपले घर उभारावे, ही तिची मागणी. तिच्यामागे १८८१ नंतर रशियात झालेल्या ज्यूविरोधी दंगली होत्या, ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा ठपका ठेवणारे फ्रान्समधले द्रेफ्यूस प्रकरण होते. आमंत्रण बेने इस्रायलांनाही आले. त्यांनी नकार दिला : यरुशलेमला परत नेणे हे देवाचे काम, त्याची वाट आम्ही पाहू.

हा नकार मला फार मोलाचा वाटतो. शनिवारी, म्हणजे सब्बाथला, तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या बेने इस्रायलांना कोकणातून कुणी हुसकावले नव्हते. आजही नवस फेडताना मलिद्याचे ताट मांडतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. ते एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने. त्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर दाखवतात. प्रार्थनेत यरुशलेम होतेच, पण संदेष्टा कोकणातही येऊन गेला होता.

पुढे वारे फिरले. १९१७ साली पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारा ब्रिटनचा बाल्फोर जाहीरनामा आला, १९२० साली मुंबईत झायोनिस्ट संघटना निघाली. किहीमकरांचे हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली छापले गेले, तेही तेल अवीवमध्ये. १९३८ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये ज्यूंच्या छळाबद्दल कळवळून लिहिले, तरी पॅलेस्टाईन अरबांचेच असे ठामपणे म्हटले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी माणसे होती. १९४८च्या युद्धात त्यांतली सुमारे ७ लाख बेघर झाली. युरोपातल्या ज्यूंना आसरा हवा होता हे खरे. पण प्राचीन आठवणीने नांदत्या माणसाचा हक्क बुडत नाही, असे माझे मत आहे.

बेने इस्रायल त्यानंतर हजारोंनी नव्या इस्रायल देशात गेले. तिथल्या भेदभावाविरुद्ध धरणे धरून काही जण १९५२ साली मुंबईला परतले. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांचे कुळ तपासायचा आदेश काढला. मोठे आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ साली तो मागे घेतला गेला.