घाटात जुनी ऑटोमॅटिक कार सारखे गिअर का बदलते?

ताम्हिणी किंवा वरंधा घाट चढताना जुनी ऑटोमॅटिक कार तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सारखी ये-जा करते. याला 'गिअर हंटिंग' म्हणतात. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो.

जुना गिअरबॉक्स मुख्यतः दोनच गोष्टी पाहतो: गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय. पुढे चढ आहे हे त्याला कळत नाही. वेग जमला की तो वरचा गिअर टाकतो, तिथे ताकद कमी पडते, वेग घटतो आणि पुन्हा खालचा गिअर. या खेळात गिअरबॉक्सचं ऑइलही तापतं. लिव्हरवरचं 'ओ/डी ऑफ' बटण दाबलं की सगळ्यात वरचा गिअर बंद होतो. एएमटी असेल तर मॅन्युअल मोड वापरा.

खरा धोका उतारावर आहे. 'डी'मध्ये ॲक्सिलरेटर सोडला की गिअरबॉक्स वरच्या गिअरला जातो, इंजिन गाडीला फारसं रोखत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक नीट लागत नाहीत. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून '2' किंवा 'एल' लावा. न्यूट्रल तर नकोच. त्यात पेट्रोलही वाचत नाही: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा बहुधा आपोआप बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन पेट्रोल पीतच राहतं.

सपाट रस्त्यावरही गिअर असेच बदलत असतील, तर मेकॅनिकला दाखवा.