कौल कुणाचा, पगार कुणाचा, सातबारा कुणाचा?

एखाद्या चर्चचा इतिहास लिहायचा म्हटलं की आराखडा जवळजवळ ठरलेला असतो. स्थापनेचं साल, पहिला मिशनरी, पहिला बाप्तिस्मा, इमारतीची कोनशिला आणि मग शाळा-दवाखान्याचं कार्य. यात चूक काही नाही. पण या आराखड्यातून एक गोष्ट कळत नाही: त्या मंडळीत निर्णय कोण घेत होतं?

त्यासाठी तीन साधे प्रश्न विचारून बघा. पाळकाला निवडतं कोण? त्याचा पगार देतं कोण? आणि चर्चची जमीन कुणाच्या नावावर आहे? तिन्ही उत्तरं एकच आली, तर ती मंडळी खरोखर आपला कारभार आपण चालवते. उत्तरं वेगवेगळी आली, तर जिथे ती फाटतात तिथेच तुमचा संशोधन-प्रश्न आहे. बाप्टिस्ट पद्धतीवरून हे समजून घेऊ, कारण स्थानिक मंडळीच्या स्वातंत्र्याचा दावा या पद्धतीत फार ठळकपणे केलेला आहे.

कागदावरची रचना

बाप्टिस्ट मंडळीत बिशप नसतो. जाणत्या वयात श्रद्धेची कबुली देऊन, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेले लोक हे सभासद. या सभासदांची सभा पाळकाला बोलावते आणि डीकन निवडते. पाळकाकडे उपदेश आणि लोकांची आत्मिक काळजी, डीकनांकडे गरजूंची मदत आणि रोजचा व्यवहार. पैसा येतो तो रविवारच्या अर्पणातून, दशमांशातून, खेड्यात सुगीच्या धान्यातून. खजिनदार हिशेब सभेपुढे मांडतो. अनेक मंडळ्या मिळून संघ करतात, पण तत्त्व असं की संघानं सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये.

आता तुलना करा. मेथडिस्ट पद्धतीत पाळकाची नेमणूक आणि बदली बिशप करतो. प्रेस्बिटेरियन पद्धतीत वडीलमंडळ आणि त्यावर प्रेसबिटरी असते. काँग्रिगेशनल पद्धतीत मात्र सत्ता बाप्टिस्टांसारखीच सभासदांकडे, फरक मुख्यतः एवढाच की तिथे लहान मुलांचाही बाप्तिस्मा होतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, महाराष्ट्राकडे येताना तो लागणार आहे.

सेरामपूर: मराठीचा पगार कुठे गेला?

बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणीची आश्वासनं मिळाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची. दुसऱ्याच वर्षी विल्यम कॅरी बंगालला आला, आणि १८०० पासून कॅरी, मार्शमन व वॉर्ड डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला स्थिरावले. (हे हुगळीकाठचं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.)

त्यांनी घरासाठी जे नियम केले ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. कारभारी दर महिन्याला बदलायचा. प्रत्येकाची कमाई सामाईक निधीत. खासगी धंदा कुणी करायचा नाही. कुरबुरी आठवड्याच्या बैठकीत मिटवायच्या. मार्शमन दांपत्याच्या शाळा, वॉर्डचा छापखाना आणि कॅरीचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार, सगळं एका पेटीत.

आपल्यासाठी गंमत इथे आहे. कॅरी त्या कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. १८०५ चं त्याचं मराठी व्याकरण, १८१० चा कोश आपण भाषेच्या इतिहासात वाचतो. पण तोच कॅरी मराठी शिकवून मिळालेला पगार बाप्टिस्ट मिशनच्या खात्यात भरत होता, हे तिथे सहसा सांगितलं जात नाही. भाषेचा इतिहास आणि संस्थेच्या पैशाचा इतिहास आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, म्हणून असे धागे सुटतात.

पुढे भांडण झालं ते याच पेटीवरून. १८१५ मध्ये सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर वारला. त्यानंतर लंडनची समिती मालमत्तेवर ताबा मागू लागली. सेरामपूरवाल्यांचं म्हणणं, जागा आमच्या कष्टाच्या पैशातून घेतल्या, आम्ही त्या मिशनसाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो, कारभार मात्र आमचा. १८२७ मध्ये दोघे वेगळे झाले. कॅरी १८३४ मध्ये गेला, आणि सेरामपूर मिशन पुन्हा सोसायटीत आलं ते १८३७ मध्ये. बघा, श्रद्धा एकच, बाप्तिस्म्याची पद्धत एकच. फाटलं ते मालमत्तेवर.

नगर: निवड आपली, पगार मिशनचा

आता मराठी मुलखात या. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) सुरू झालं. हे मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे कारभाराच्या बाबतीत बाप्टिस्टांचं सख्खं चुलत भावंड. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचा सचिव रूफस अँडरसन इथे पाहणीला आला. त्याचा आग्रह असा की स्थानिक मंडळीनं स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. याच काळात हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

तत्त्व उत्तम. पण खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये भूमिहीन, गावकीची कामं करून पोट भरणारी महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. त्यांच्या अर्पणातून पाळकाचं घर चालणं कठीण, म्हणून पगार मिशनकडून. आणि पगार देणारा काही न बोलता गप्प बसतो, असं आपल्याकडे कुठल्या संस्थेत दिसतं? मत सभासदांचं, पण बदली, बढती, शिस्त मिशनच्या हातात, अशी ओढाताण त्यातून आली. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्याकडे या बाजूनंही बघा. कवीच्या चरित्रातला तो एक वैराग्याचा प्रसंग आहेच, पण पगार आणि नेतृत्व यांच्या नात्याबद्दल केलेलं ते विधानही आहे.

मराठवाडा: जमीन दिवाणाची

मराठवाड्यात तिसरा प्रश्न पुढे येतो. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री (मृत्यू १८९१) यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. नेतृत्व मराठी, चर्चची पद्धत स्कॉटलंडची, आणि जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारनं दिलेली. तीन प्रश्नांना तीन दिशांची उत्तरं! अशा ठिकाणी 'मिशननं गाव वसवलं' एवढं लिहून थांबलात, तर निम्मा इतिहास हातचा गेला.

कोर्टापर्यंत गेलेला प्रश्न

हे सगळं जुनं आहे असं समजू नका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन परंपरेचं संयुक्त चर्च, उत्तर भारतातले काही बाप्टिस्ट, ब्रदरन वगैरे एकत्र आले. बिशप ठेवले, बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या. उपासनेचं जुळलं, पण मालमत्तेचं?

गुजरातमधल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रदरन हे प्रौढ बाप्तिस्मा मानणारे, म्हणजे बाप्टिस्टांच्या जवळचे. २००५ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की हा विषय दिवाणी न्यायालयाचा नाही, १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या अधिकाऱ्यांचा आहे. २०१३ च्या निकालाचा आशय असा की विलीनीकरणाचा नुसता ठराव केल्यानं नोंदणीकृत ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे १९७० मध्ये घेतलेला निर्णय चाळीसहून अधिक वर्षांनी कागदावर तपासला गेला.

मुखेडला काम करायचं तर

समजा तुम्ही मुखेड, देगलूर किंवा उदगीर भागातली एखादी मंडळी अभ्यासाला घेतली. ती बाप्टिस्ट असो, मेथडिस्ट असो की स्वतंत्र, कामाचा क्रम साधारण सारखाच राहील.

पहिल्यांदा धर्मादाय कार्यालयात ट्रस्टची नोंदणी बघा. अनुसूची एकमध्ये विश्वस्तांची नावं, वारसा ठरवण्याची पद्धत आणि मालमत्ता असते. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली चेंज रिपोर्ट येतो. नेतृत्व कुणाकडून कुणाकडे गेलं, त्यावर हरकत कुणी घेतली, हे तिथे तारखेनिशी सापडतं. लेखापरीक्षण कलम ३३ खाली, आणि जमीन विकायची तर कलम ३६ खाली परवानगी.

दुसरं, जमिनीचे कागद. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सातबाऱ्यावर थांबू नका. खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जा. त्याआधीचे कागद उर्दूत असतील, तेव्हा वाचून देणारा जाणकार आधीच शोधून ठेवा.

तिसरं, मंडळीची स्वतःची दप्तरं: सभेच्या इतिवृत्ताची वही, अर्पणाची नोंद, पावतीपुस्तकं. मिशनचे छापील अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असायचे. अर्पणाच्या वहीत मात्र कुणी दोन रुपये दिले, कुणी पायलीभर ज्वारी दिली, आणि कोणत्या वर्षी काहीच जमलं नाही, हे दिसतं. दुष्काळाची वर्षं त्या वहीत वेगळी शोधावी लागत नाहीत.

यात एक जबाबदारीही आहे. वहीत जिवंत माणसांची, त्यांच्या घरातल्यांची नावं आहेत. कुणी किती दिलं हे गावात उघड झालं तर संबंध बिघडतात, आणि जमिनीचा वाद चालू असेल तर तुमची टिपणं कुणाच्या तरी बाजूचा पुरावा ठरू शकतात. म्हणून मंडळीच्या सभेची परवानगी लेखी घ्या, फक्त पाळकाची किंवा अध्यक्षाची नको. सभासदांना निर्णयाचा अधिकार आहे का, हे तपासायला निघालेल्या माणसानं आपल्या परवानगीसाठी तरी त्यांच्या सभेला विचारायलाच हवं. आणि सभा भरलीच नाही, किंवा कुणी भरू दिली नाही, तर तारीख टाकून तेही वहीत नोंदवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं.