बुडालेली जहाजे आणि न बुडालेली नावे

मृत्यूनंतरच्या प्रवासाची गोष्ट बुऱ्हाणपूरला नवी नाही. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल येथे मरण पावली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. दख्खनच्या त्याच मोहिमेत कामी आलेल्या साध्या शिपायांसाठी असा काफिला निघाला नाही. मेलेल्यांपैकी कोणाचा शोध घेतला जातो आणि कोणाचा घेतला जात नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस या गावच्या मातीतला वाटतो. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली गेलेल्या विमानांचा आणि जहाजांचा विचार करू लागले की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

प्रथम एका बॉम्बफेकी विमानाची हकीकत पाहू. २९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाचे 'बीके ७१६' क्रमांकाचे स्टर्लिंग विमान बर्लिनवरील हल्ल्यासाठी निघाले आणि परत आले नाही. त्यात सात जण होते. २००८ मध्ये नेदरलँड्समधील मार्करमेर सरोवरात या विमानाचा एक तुकडा योगायोगाने वर आला. प्रारंभी ते दुसरेच विमान असावे असा समज होता. पुढे अवशेषांत मिळालेल्या सिगारेटच्या डबीवरील आद्याक्षरांनी खरी ओळख पटविली. २०२० मध्ये डच सरकारने पदरचा खर्च करून ते विमान गाळातून बाहेर काढले. तोवर सत्त्याहत्तर वर्षे लोटली होती. आईबाप केव्हाच गेले होते. पण पुतणे, भाचे, नातवंडे सापडली.

हे शक्य झाले, त्याचे श्रेय पाणबुड्यांइतकेच कारकुनांनाही द्यावयास हवे. कोणते विमान कोणत्या रात्री उडाले, त्यात कोण बसले आणि त्याच्या घरी कोणास कळवावयाचे, याची नोंद स्क्वाड्रनच्या दप्तरात होती. ज्यांना थडगे लाभले नाही अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे इंग्लंडमधील रनिमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत. अवशेष सापडण्यापूर्वीच नावे जपली गेली होती, म्हणूनच पुढे अवशेषांना नावे देता आली.

आता मुंबईकडे वळू. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' ही आगबोट मुंबईहून पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची, असे एकूण ९५८ जण होते. तिसऱ्या दिवशी पहाटे हिंदी महासागरात 'आय-२९' या जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडत नाही असे पाहून काही जण परत तिच्यावर चढू लागले, तोच दुसरा टॉर्पेडो आला. वायरलेस अधिकारी डंकन अखेरपर्यंत मदतीचे संदेश धाडीत राहिले. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने ६७४ आणि 'कार्थेज' या जहाजाने ४ जणांना वाचविले. २८० माणसे गेली.

तिलावाचा शोध लागला, तो मात्र या माणसांसाठी नव्हे. दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी तिच्या पोटात होत्या. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या उपसून इंग्लंडला नेल्या. या चांदीवरून वर्षानुवर्षे दावा चालला आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. एकेका लगडीचा हिशेब लागला. आमचा चांदीवर राग नाही. परंतु ज्या काटेकोरपणे लगडी मोजल्या गेल्या, त्या काटेकोरपणे माणसे मोजण्यास कोणी निघाले नाही, हे खुपते.

ते काम अखेर कुटुंबांनीच केले. बुडालेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्या वंशजांनी एकमेकांना शोधले, घरातल्या आठवणी आणि कागद जुळविले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे ऐंशी वर्षांनी, मुंबईत स्मरणसमारंभ झाला. त्यासाठी देशोदेशींचे नातेवाईक आले. प्रेत नाही, थडगे नाही, अशा घरांत शोकालाही जागा मिळत नाही. ती जागा त्या दिवशी मिळाली.

खलाशांच्या घरांची स्थिती याहून अवघड आहे. मुंबईच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे, गोव्याचे, सुरतेकडचे लोक चाकरीस असत. सारंगाच्या ओळखीने भरती व्हावयाची. 'नली' नावाने ओळखला जाणारा नोकरीचा दाखला हीच त्यांची ओळख. माणसाबरोबर तोही बुडाला, तर घरी काय उरणार? या महायुद्धात मेलेल्या भारतीय नौसैनिकांची व व्यापारी जहाजांवरील खलाशांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. त्यांचे स्मारक मुंबई आणि चितगाव यांच्या नावे आहे. पण त्यावर नावे कोरलेली नाहीत, ती मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील व चितगावच्या वह्यांत आहेत. रनिमीडच्या भिंतीसमोर कोणीही उभे राहून आपल्या माणसाचे नाव बोटाने चाचपू शकतो. वही कोणी उघडली तरच वाचली जाते.

म्हणून इतिहासप्रेमी मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की समुद्राचा तळ धुंडाळण्याची साधने आपणांपाशी नसली, तरी वह्या उघडण्याचे काम आपल्या आवाक्यातले आहे. त्यांतील नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढे जुळले, तरी एखाद्या घरचा माणूस सापडतो. घरातल्या पेटीत एखादी जुनी नली असेल, बोटीवर गेलेल्या आजोबांचे एखादे पत्र असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी उतरवून घ्यावे. त्या पिढीची आठवण सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत आणि या कामाला उद्यापेक्षा आजच हात घालणे बरे.